चार आहार, चार गायी आणि दरवेळी ‘फरक नाही’: आळीपाळीच्या खाद्यचाचणीतला दोष कुठे शोधावा

चाचणीचा साचा ओळखीचा आहे. चार आहार, चार दुभत्या गायी, प्रत्येक गायीला चारही आहार आळीपाळीनं, एकेका आहाराचा पिरियड 21 दिवसांचा. 84 दिवस दोन्ही वेळचं दूध मोजायचं, फॅट काढायचं, आणि शेवटी तक्त्यात आहाराच्या ओळीपुढे ‘एनएस’ (नॉट सिग्निफिकंट), म्हणजे दखल घेण्याजोगा फरक सापडला नाही. पुढच्या वर्षी तेच आहार घेतले तर ब सरस ठरतो, त्याच्या पुढच्या वर्षी ड. मग खापर हवामानावर, गायींवर नाहीतर सॉफ्टवेअरवर फुटतं. बहुतेक वेळा दोष यांतल्या कुणाचाच नसतो. कोणत्या गायीला कधी काय द्यायचं हा कागद पहिल्या दिवशी लिहिला जातो, गडबड तिथेच झालेली असते. 84 दिवसांनंतर ती कोणत्याही सॉफ्टवेअरनं निस्तरत नाही.

पुढच्या उदाहरणात अ म्हणजे नेहमीचं आंबोण, ब म्हणजे त्यात बायपास फॅट (पहिल्या पोटात न विरता पुढे जाऊन पचणारी चरबी), क म्हणजे यीस्ट आणि ड म्हणजे दोन्ही. मका मुरघास आणि कडबाकुट्टी सगळ्यांना सारखीच.

आधी क्रमाचा कागद काढा

बहुतेक ठिकाणी कागदावर हे सापडतं:

गाय 1: अ ब क ड
गाय 2: ब क ड अ
गाय 3: क ड अ ब
गाय 4: ड अ ब क

लॅटिन स्क्वेअर (आहारांचा चौकोन) म्हणून हा निर्दोष आहे. प्रत्येक आहार प्रत्येक गायीला एकदा, प्रत्येक पिरियडमध्ये एकदा. पण आता कोणाच्या मागून कोण येतं ते मोजा. एका कागदावर 4 × 4 चौकट आखा, उभ्या बाजूला मागचा आहार आणि आडव्या बाजूला पुढचा लिहा, आणि 12 जोड्यांच्या काट्या मारा. अ नंतर ब तीनदा येतो, ब नंतर क तीनदा, क नंतर ड तीनदा, ड नंतर अ तीनदा. बाकी सगळी घरं रिकामी.

म्हणजे ड चं जे काही पोटात, रक्तात, कासेत शिल्लक राहील ते सगळं अ च्या खात्यात जमा होणार. समजा ड खरोखरच अ पेक्षा दिवसाला 1.0 किलो दूध जास्त देतो आणि पुढच्या पिरियडमध्ये त्याचा 0.8 किलो असर उरतो. बाकी तिघांचा काही उरत नाही. अ च्या चार घरांपैकी तीन घरं ड च्या मागची आहेत, त्यामुळे अ ची सरासरी 0.6 किलोनं फुगते. खरा 1.0 चा फरक तक्त्यात 0.4 दिसतो. ‘फरक नाही’ यायला आणखी काय हवं? पुढच्या वर्षी आहारांना अक्षरं वेगळ्या क्रमानं दिली की ड च्या मागे अ ऐवजी क येतो आणि ती फुकटची बढती क ला मिळते. दरवर्षी निकाल फिरतो तो असा.

हेच आहार असे मांडा:

गाय 1: अ ब ड क
गाय 2: ब क अ ड
गाय 3: क ड ब अ
गाय 4: ड अ क ब

काट्या पुन्हा मारा. 12 च्या 12 जोड्या बरोबर एकेकदा येतात. ही मांडणी संख्याशास्त्रज्ञ ई. जे. विल्यम्स यांनी 1949 मध्ये दिली. ड चा उरलेला 0.8 आता अ, ब, क तिघांत प्रत्येकी 0.2 वाटला जातो आणि 1.0 चा फरक 0.8 दिसतो. तोही मॉडेलमध्ये मागच्या आहाराचा असर, म्हणजे कॅरीओव्हर, घातला की दुरुस्त होतो.

‘मग पहिल्याच कागदावर कॅरीओव्हर घालून गणित करू’ असं कुणीतरी म्हणतंच. करता येतं, पण किंमत बघा. पहिल्या कागदात कॅरीओव्हर वजा केल्यावर आहारांमधल्या फरकाची फक्त 18 टक्के माहिती उरते. विल्यम्सच्या कागदात 91 टक्के. गायी तेवढ्याच, दिवस तेवढेच, मजुरी तेवढीच, आणि माहिती पाचपट. पहिल्या कागदानं तेवढी अचूकता हवी असेल तर गायीही पाचपट लागतील.

मांडणी स्वतः करायची रीत सोपी आहे. आहार सम संख्येचे असतील तर पहिली ओळ 1, 2, शेवटचा, 3, शेवटून दुसरा अशी आत-बाहेर लिहायची: चारासाठी 1, 2, 4, 3 आणि सहासाठी 1, 2, 6, 3, 5, 4. पुढच्या ओळीत प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा, शेवटच्या आकड्यानंतर पुन्हा 1. विषम संख्येला या रीतीनं एका चौकोनात जमत नाही, दोन लागतात. तीन आहारांना सहाच्या सहा क्रम आणि पाचांना 10 ओळी. म्हणून पाच आहार आणि पाच गायी असा बेत ठरत असेल तर तिथेच थांबा. एक आहार कमी करा नाहीतर गायी 10 घ्या.

कागद तयार झाल्यावर कोणती गाय कोणत्या ओळीत आणि कोणता आहार कोणत्या अक्षराला हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. एक्सेलमधलं रँड (कोणताही आकडा योगायोगानं देणारं सूत्र) वापरलं तर आकडे आल्याबरोबर ‘व्हॅल्यूज’ म्हणून चिकटवा. नाहीतर फाइल पुढच्या वेळी उघडली की आकडे बदलतात आणि गोठ्यातल्या फळ्यावरची यादी एक, संगणकातली दुसरी असा घोळ होतो. सगळ्यात जास्त दूध देणारी गाय पहिल्या ओळीत टाकायची सवय मात्र सोडा.

चार गायींत काय दिसू शकतं?

क्रम दुरुस्त केला तरी एका चौकोनाची झेप तोकडीच आहे. 16 निरीक्षणांच्या 15 डिग्री ऑफ फ्रीडम, म्हणजे हिशेबात खर्चायला मिळणारे स्वतंत्र आकडे. गायींना 3, पिरियडना 3, आहारांना 3, कॅरीओव्हरला 3. एररला, म्हणजे यांतल्या कशानंच न उलगडलेल्या चढउताराला, उरतात 3. गाय-पिरियड पातळीवरचं प्रमाण विचलन 1 किलो धरलं (तुमचा आकडा जुन्या चाचणीच्या एररमधून काढा) तर दोन आहारांत किमान किती फरक असेल तेव्हा 5 टक्के पातळीवर तो दिसेल, हे असं येतं:

एक चौकोन, 4 गायी, पहिल्या प्रकारचा कागद: सुमारे 5.3 किलो
एक चौकोन, 4 गायी, विल्यम्स: सुमारे 2.4 किलो
तीन चौकोन, 12 गायी, विल्यम्स: सुमारे 0.9 किलो

आंबोणातल्या बदलानं दिवसाला अडीच किलो दूध वाढावं अशी अपेक्षा धरून कुणी चाचणी लावत नाही. तेव्हा चार गायींच्या चाचणीत एनएस आलं म्हणून आहार सारखे आहेत असं लिहू नका. त्या चाचणीत फरक दिसण्याची सोयच नव्हती.

वरचे चार आहार 2 × 2 अशा रचनेत आहेत, त्याचाही फायदा घ्या. बायपास फॅट आहे विरुद्ध नाही ही तुलना ब आणि ड एका बाजूला, अ आणि क दुसऱ्या बाजूला अशी केली की 12 गायींत 0.9 ऐवजी सुमारे 0.62 किलोचा फरकही पकडता येतो. सहा जोड्यांच्या तुलना करून सरासऱ्यांना फरकाची अक्षरं चिकटवत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

तीन चौकोन करताना गायी सरमिसळ करून वाटू नका. पहिला चौकोन पहिल्या वेताच्या, दुसरा दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या ताज्या, तिसरा पुढे गेलेल्या, असं वेत आणि व्याल्यानंतरचे दिवस बघून जुळवा. साधारण 60 ते 150 दिवसांत सुरुवात करावी. त्याआधी दूध चढतीवर असतं आणि फार उशीर केला तर शेवटच्या पिरियडपर्यंत गाय आटण्याच्या वाटेला लागते. दुधाची उतरण चौकोनागणिक वेगळी असेल तर पिरियडचा परिणाम चौकोनाच्या आत धरायचा. त्यात एररच्या डिग्री 27 वरून 21 होतात, आणि ते परवडतं.

पाचवा पिरियड

गायी वाढवता येत नसतील तर शेवटचा आहार आणखी एक पिरियड चालू ठेवा: अ ब ड क क, ब क अ ड ड, क ड ब अ अ, ड अ क ब ब. नवीन आहार करायचा नाही, फक्त 21 दिवस जास्त मोजायचं. आता प्रत्येक आहार स्वतःच्याही मागून एकदा येतो, म्हणून आहाराचा थेट परिणाम आणि कॅरीओव्हर एकमेकांत अडकत नाहीत. आहारांबद्दलची माहिती साधारण तिसऱ्या हिश्श्यानं वाढते, कॅरीओव्हरबद्दलची 60 टक्क्यांनी, आणि एकाच चौकोनात एररच्या डिग्री 3 वरून 6 होतात. चार गायींत दिसू शकणारा फरक 2.4 वरून 1.6 किलोवर येतो. पाचवा पिरियड वाया गेल्यासारखा वाटतो म्हणून लोक तो टाळतात. खरं तर अख्ख्या चाचणीत सगळ्यात स्वस्त पडणारी माहिती हीच.

आहार दोनच असतील तर

अर्ध्या गायींना अब, अर्ध्यांना बअ हा आराखडा सगळ्यात जास्त वापरला जातो आणि सगळ्यात जास्त फसवतो. यात गायींतला फरक वगळून कॅरीओव्हर वेगळा काढताच येत नाही. ‘आधी कॅरीओव्हरची चाचणी घ्या, नसेल तर दोन्ही पिरियड वापरा, असेल तर फक्त पहिला’ ही पद्धत ग्रिझल यांनी 1965 मध्ये मांडली आणि कित्येक वर्षं चालली. 1989 मध्ये फ्रीमन यांनी दाखवलं की या दोन टप्प्यांच्या रीतीत खोटा फरक सापडण्याचं प्रमाण ठरवलेल्या 5 टक्क्यांच्या वर जातं. ती वापरू नका.

तिसरा पिरियड जोडा आणि अबब व बअअ असे दोन क्रम घ्या. हौसेनं अबअ आणि बअब घेतात, कारण मूळ आहारावर परत आल्याचं समाधान मिळतं. पण कॅरीओव्हर मॉडेलमध्ये धरला तर अबब च्या अचूकतेला पोचायला अबअ ला चौपट गायी लागतात.

पिरियड किती दिवसांचा?

21 दिवसांत पहिले 14 सवयीचे आणि शेवटचे 7 मोजणीचे, हे प्रमाण बहुतेक खाद्यचाचण्यांना पुरतं. सवयीचे दिवस हेच मागचा असर धुऊन काढायचे दिवस. आहार बदलताना तीन-चार दिवसांत थोडं थोडं करत बदला, नाहीतर गाय खाणं सोडते आणि ती घट तुम्ही नव्या आहाराच्या नावावर मांडता. फॅट घटवणारा आहार (जास्त धान्य, जास्त तेल) यादीत असेल तर सावध राहा. घटलेलं फॅट पूर्ववत व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तिथे 28 दिवसांचा पिरियड करा.

काही गोष्टी आळीपाळीत मोजायच्याच नसतात. वजन, अंगावरची चरबी, माजावर येणं, गाभण राहणं यांचा हिशेब 21 दिवसांत सुरू होऊन 21 दिवसांत संपत नाही. त्यासाठी गायींचे वेगळे गट करून अख्खं वेत एकच आहार द्यावा लागतो. अशा चाचणीत त्याच गायीची दर आठवड्याची मापं येतात, जवळच्या आठवड्यांची एकमेकांशी जास्त जुळतात, आणि असा जुळेपणा तपासणारी मॉख्ली चाचणी व त्यासाठीची ग्रीनहाउस-गायसर दुरुस्ती हा विषय तिथला आहे. आळीपाळीच्या चाचणीत तो ओढून आणू नका.

पी-व्हॅल्यू फारच छान आली तर

हा उलटा रोग: पी-व्हॅल्यू, म्हणजे खरा फरक नसताना एवढा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता, खोटीच लहान येते. 4 गायी × 4 पिरियड × 7 दिवस अशा 112 ओळी सॉफ्टवेअरमध्ये घातल्या, प्रत्येक ओळ स्वतंत्र धरली, आणि एररच्या डिग्री 102 दिसल्या. सगळंच ‘सिग्निफिकंट’. आहार दिवसाला बदलला नव्हता, पिरियडला बदलला होता. म्हणून खरी निरीक्षणं 16 च. सात दिवसांची सरासरी काढून 16 ओळींवर काम करा, किंवा मिक्स्ड मॉडेलमध्ये (ठरवलेले आणि योगायोगाचे असे दोन्ही परिणाम धरणारं गणित) गाय आणि गाय × पिरियड हे रँडम, म्हणजे योगायोगाचे, परिणाम म्हणून घाला. डिग्री मोजायला सॉफ्टवेअरमधली केनवर्ड-रॉजर ही रीत निवडा. दोन्ही रस्ते एकाच उत्तराला येतात.

मग सात दिवस तरी का मोजायचे? समजा पिरियडमधलं व्हेरियन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) 1.0 आणि रोजच्या चढउताराचं 1.44. एकच दिवस मोजला तर सरासरीचं व्हेरियन्स 2.44, सात दिवसांत 1.21, चौदा दिवसांत 1.10. पहिल्या सात दिवसांनी निम्मं काम केलं, पुढच्या सातांनी जवळजवळ काहीच नाही. तो वेळ जास्तीच्या गायींवर घालवा.

मुक्त संचार गोठ्यात तर याहून मोठी चूक होते. दहा गायींच्या कप्प्यात एकाच गव्हाणीत एक आहार टाकला, दूध मात्र गायीगणिक मोजलं. इथे एकक आहे कप्पा; दहा गायी म्हणजे दहा नव्हेत, एक. एकतर कप्पे वाढवा नाहीतर खाण्याच्या वेळेपुरत्या गायी बांधून वेगवेगळ्या घमेल्यांत द्या.

मॉडेलमध्ये कॅरीओव्हरचा स्तंभ

पहिल्या पिरियडला मागचा आहारच नसतो. तिथे ‘काही नाही’ असा पाचवा प्रकार लिहिला की तो पहिल्या पिरियडशी तंतोतंत जुळतो, सॉफ्टवेअर एक स्तंभ गाळतं किंवा आहारांच्या सरासऱ्या काढता येत नाहीत असं सांगतं. त्याऐवजी तीन आकडी स्तंभ करा. मागचा आहार अ असेल तर 1, 0, 0. ब असेल तर 0, 1, 0. क असेल तर 0, 0, 1. ड असेल तर −1, −1, −1. आणि पहिल्या पिरियडला 0, 0, 0. हे तिन्ही स्तंभ फॅक्टर (गटांची नावं) म्हणून नको, साधे आकडे म्हणून घाला. कॅरीओव्हर सिग्निफिकंट नाही म्हणून नंतर काढून टाकू नका. त्याची चाचणी कमजोर असते, आणि ठेवल्याचा तोटा विल्यम्सच्या कागदात 9 टक्केच आहे.

मोजमापातल्या गळती

सकाळ-संध्याकाळच्या फॅटची साधी सरासरी काढू नका. सकाळी 8 किलो दूध 3.4 चं आणि संध्याकाळी 6 किलो 4.1 चं असेल तर दिवसाचं फॅट (27.2 + 24.6) ÷ 14 म्हणजे 3.70. साधी सरासरी 3.75 देते. फरक नखाएवढा, पण धारांमधलं अंतर पिरियडगणिक बदललं तर तो एकाच दिशेला झुकतो. म्हणून चाचणीभर धारेच्या वेळा ठाम ठेवा. मापी लिटरची असेल तर 1.03 नं गुणून किलो करा. वेगवेगळ्या फॅटचं दूध तोलताना 4 टक्के फॅटवर आणा: 0.4 × दूध + 15 × फॅटचे किलो. 14 किलो 3.7 फॅटला ते 13.37 किलो होतं.

गव्हाणीतलं उरलेलं रोज सकाळी नवीन टाकायच्या आधी तोला. आदल्या दिवशी गायीनं जेवढं खाल्लं त्याच्या 105 ते 110 टक्के टाकत जा. गव्हाण चाटून स्वच्छ असेल तर ती गाय किती खाऊ शकते हे तुम्ही मोजलेलंच नाही, आणि यीस्टचा असर खाण्यात दिसायचा असेल तर तो तिथेच दबतो.

गाय मध्येच आजारी पडली

तिसऱ्या पिरियडमध्ये कासदाह झाला की दोन गोष्टी हमखास केल्या जातात: तिच्या जागी दुसरी गाय उभी करतात, किंवा मागच्या पिरियडचा आकडा उतरवतात. दोन्ही नकोत. नव्या गायीला मागचे दोन आहार मिळालेले नसतात, आणि उतरवलेला आकडा एरर खोटा कमी करतो. घर मोकळं ठेवा, आजाराची तारीख आणि औषध नोंदवा, गाय बरी झाली तर ठरलेल्या क्रमानंच पुढचा आहार चालू करा. मधला आहार तिनं खाल्लाच नसेल तर पुढच्या पिरियडचा आकडाही सोडून द्या. मिक्स्ड मॉडेल उरलेल्या आकड्यांवर नीट चालतं. धास्ती वाटत असेल तर एक अख्खा चौकोन जास्तीचा, पहिल्याच दिवसापासून, बाकीच्यांबरोबर सुरू करा. चौथ्या आठवड्यात आणलेली राखीव गाय हिशेबात बसत नाही.